फेकी

परवा रविवारी नातू सरावाहून घरी आला तो तोंड पाडूनच. किटची बॅग कोपऱ्यात टाकली आणि हातपाय न धुता पलंगावर आडवा झाला. आजीने वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, तिलाही नाही म्हणाला. जळगावात वाढलेला बारा वर्षांचा मुलगा हिवाळ्यात भरिताला नाही म्हणतो म्हणजे काहीतरी मोठे बिनसले आहे, हे ओळखायला बी.एड. लागत नाही!

थोड्या वेळाने स्वारी माझ्या खोलीत आली. प्रशिक्षकांनी म्हणे मोबाइलवर सगळ्यांच्या गोलंदाजीचे चित्रण केले आणि सावकाश चालवून सर्वांना दाखवले. याचा चेंडू आला तेव्हा ते म्हणाले, "कोपर वाकतंय रे तुझं." एवढेच. पण पोरे ती पोरेच. मैदान सोडेपर्यंत याचे नाव 'फेकी' पडले होते.

"आजोबा, मी खरंच फेकतो का?"

मी म्हटले, आधी जेव, मग बघू. तो जेवला. माझे मात्र जेवणात लक्ष लागेना. कारण हा शब्द जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका मुलाला चिकटवला होता, तोही भर मैदानात, दोनअडीचशे माणसांसमोर. ती गोष्ट या ब्लॉगवर मी आजवर लिहिली नाही. घरातही फारशी बोललो नाही. आज लिहिणार आहे. पण आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे सनावळीशिवाय सांगता येत नाही. वाचकांनी मास्तराला तेवढी सवलत द्यावी.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. 'बोलिंग करणे' याला आपण 'चेंडू टाकणे' म्हणतो, 'चेंडू फेकणे' म्हणत नाही. साधी दोन क्रियापदे, पण क्रिकेटमधला दोनशे वर्षांचा वाद त्यांच्यामधल्या फटीत मावतो. ज्यांना खेळातले फारसे कळत नाही अशा माझ्या बहिणींसाठी आणि सुनांसाठी सोपे करून सांगतो. आमची आई ज्वारीचे पीक हुरड्यावर आले की माळ्यावर उभी राहून पाखरे राखायची. गोफण फिरवायची तेव्हा तिचा हात खांद्यातून अख्खा फिरायचा. गोफण हाताशी नसली की ढेकूळ उचलून मारायची, तेव्हा कोपर आधी वाकायचे आणि मग झटक्याने सरळ व्हायचे. गोलंदाजाचा हात पहिल्यासारखा फिरला पाहिजे. दुसऱ्यासारखा झटका बसला तर तो चेंडू 'फेकला', आणि तो नो-बॉल.

इथे एक बारकावा आहे आणि सगळे भांडण त्याच्यावरच आहे. कोपर वाकलेले असणे हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेले कोपर सरळ होणे हा गुन्हा आहे. एखाद्याचे कोपर जन्मतःच वाकडे असेल आणि ते तसेच वाकडे राहून चेंडू सुटला, तर तो चेंडू कायदेशीर. पण हे सारे निमिषार्धात घडते, आणि वीसेक यार्डांवर उभ्या असलेल्या पंचाने ते नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते.

आता इतिहास. आज आपण ज्याला शुद्ध गोलंदाजी म्हणतो तीच एके काळी बेकायदा होती! सुरुवातीला चेंडू कमरेखालून टाकत. इंग्लंडमधल्या केंट परगण्याचा जॉन विलिस हात बाजूने, वर आणून टाकू लागला. 1822 साली लॉर्ड्सवर पंचांनी त्याला नो-बॉल दिला, तेव्हा त्याने चेंडू भिरकावला, घोड्यावर टांग मारली आणि तो मैदानातून निघून गेला, असे सांगतात. 1835 मध्ये खांद्याइतका हात उचलायला परवानगी मिळाली. 1862 मध्ये ओव्हलवर एडगर विल्शरचा हात खांद्याच्या वर जातो म्हणून पंच जॉन लिलीव्हाइट यांनी त्याला लागोपाठ सहा नो-बॉल दिले. तोही मैदान सोडून गेला. दोन वर्षांनी, 1864 मध्ये, तोच हात कायदेशीर ठरला. म्हणजे विलिस आणि विल्शर हे आपापल्या काळातले गुन्हेगार, आणि आजचे सगळे गोलंदाज त्यांचेच वंशज.

हात किती उंच हा प्रश्न असा मिटला. मग कोपराचा प्रश्न पुढे आला. कसोटी सामन्यात फेकीबद्दल पहिला नो-बॉल मिळाला तो ऑस्ट्रेलियाच्या अर्नी जोन्सला, 1898 च्या जानेवारीत मेलबर्नला. पंच जिम फिलिप्स. त्यानंतर अर्धशतकभर कुरबुरी चालू राहिल्या, पण वादळ उठले ते 1960 च्या आसपास, म्हणजे मी चड्डीत होतो तेव्हा.

त्या काळातले आपल्या शेजारच्या गुजरातचे एक नाव सांगतो : जसू पटेल. अहमदाबादचा ऑफ स्पिनर. लहानपणी झाडावरून पडून त्याचा हात मोडला होता, त्यामुळे चेंडू टाकताना हाताला एक हिसका बसायचा. 1959 च्या डिसेंबरात कानपूरला त्याने ऑस्ट्रेलियाचे एका डावात 69 धावांत 9 आणि सामन्यात 14 बळी घेतले. ऑस्ट्रेलियावरचा तो भारताचा पहिला कसोटी विजय. देशभर जयजयकार झाला. त्याच्या हाताकडे बघून भुवया उंचावणारे तेव्हाही होते, पण पंचांनी त्याला टाकू दिले.

सहाच महिन्यांनी लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेच्या जेफ ग्रिफिनचे नशीब तसे नव्हते. हा एकवीस वर्षांचा पोरगा. शाळेत असताना झालेल्या अपघातामुळे त्याचा उजवा हात पूर्ण सरळ होत नसे. 1960 च्या जूनमधल्या त्या कसोटीत पंच फ्रँक ली यांनी त्याला फेकीबद्दल अकरा नो-बॉल दिले, आणि त्याच डावात त्याने हॅटट्रिकही घेतली! लॉर्ड्सवरच्या कसोटीतली ती पहिली हॅटट्रिक. कसोटी लवकर संपली म्हणून प्रेक्षकांसाठी एक गमतीचा सामना खेळवला, तर त्यातही दुसरे पंच सिड बुलर यांनी त्याला पुन्हा पुन्हा नो-बॉल दिले. शेवटी कर्णधाराने सांगितले, बाबा, खालून टाक आणि षटक संपव. त्याने खालून टाकला, तर तोही नो-बॉल, कारण पद्धत बदलतो आहे हे त्याने आधी सांगितले नव्हते. ग्रिफिन पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. आता येत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात हा वाद आपल्या मुंबईला आला. पाकिस्तानचा संघ भारतात होता आणि पहिली कसोटी ब्रेबॉर्न स्टेडियमवर होती. मी तेव्हा दहा वर्षांचा. अमळनेरजवळच्या आमच्या गावात एकच रेडिओ, तोही ग्रामपंचायतीत. इंग्रजी समालोचन कळत कोणाला होते? पण शाळेतले एक मास्तर ऐकत आणि आम्हाला मराठीतून सांगत. (पुढे बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन आले आणि आमच्यासारख्यांची सोय झाली.) त्या सामन्यातली माझी आठवण एकच आहे : रमाकांत देसाई आणि नाना जोशी यांची नवव्या गड्यासाठी 149 धावांची भागीदारी. चिमुकला देसाई दहाव्या क्रमांकावर येऊन 85 धावा करून गेला, जोशी 52 वर नाबाद. पंचायतीच्या ओट्यावर आम्ही पोरे नाचलो होतो. त्याच सामन्यात पाकिस्तानच्या हसीब अहसान या ऑफ स्पिनरला फेकीबद्दल नो-बॉल दिला गेला होता, हे मला कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचून कळले. मास्तरांनी तेव्हा ते सांगितले असेल तर आमच्या लक्षात राहिले नाही. त्या दिवशी एका एकवीस वर्षांच्या परक्या मुलाच्या नावापुढे काय लागले, याच्याशी नाचणाऱ्या पोरांना काय देणेघेणे!

पण फेकी हा फक्त नियमाचा किंवा अब्रूचा प्रश्न नाही, तो जिवाचाही असू शकतो, हे 1962 च्या मार्चमध्ये कळले. भारताचा संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या उजव्या कानाच्या वर आदळला. कवटीला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, काही दिवस तो जगतो की नाही अशी स्थिती होती. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल सर्वांत आधी पुढे झाला. आपल्यातले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिले. बापू मूळचे नाशिकचे, म्हणून आमच्या भागात त्याचे जास्त कौतुक. वाचनालयात वर्तमानपत्र यायचे त्याभोवती माणसे जमत, आणि माझ्या वडिलांना क्रिकेटमधले ओ की ठो कळत नसूनही ते रोज विचारत, "तो पारशी पोरगा कसा आहे?"

त्याच सामन्यात पुढे ग्रिफिथला पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी फेकीबद्दल नो-बॉल दिला. झाले! 'फेकून मारले' ही समजूत आपल्याकडे पक्की बसली. मीही वर्गात कितीतरी वर्षे तसेच सांगत आलो. नंतर खुद्द कॉन्ट्रॅक्टरच्या मुलाखती वाचल्या. तो सांगतो की तो उसळता चेंडू नव्हताच. त्या बाजूला साइटस्क्रीन नव्हता, चेंडू सुटायच्या वेळी समोरच्या पॅव्हेलियनमधली एक खिडकी कोणीतरी उघडली, आणि त्याचे लक्ष विचलित झाले. त्याने ग्रिफिथला कधी दोष दिला नाही. तो पुन्हा कसोटी खेळू शकला नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, 2022 मध्ये, मुंबईत काढली. इतके सोसलेला माणूस बोट दाखवत नाही, आणि पंचायतीच्या ओट्यावर बसलेले आम्ही मात्र बेधडक निकाल देऊन मोकळे झालो होतो.

1963 च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या इयान मेकिफला पंच कॉल एगर यांनी एकाच षटकात चार नो-बॉल दिले. कर्णधार रिची बेनॉने त्याला पुन्हा चेंडू दिला नाही. त्या एका षटकाने त्याची कारकीर्द संपली आणि त्याने क्रिकेटच सोडले. याच्या उलट प्रकार 1968 मध्ये न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला. त्यांचा वेगवान गोलंदाज गॅरी बार्टलेट फेकतो असे आपल्या संघाचे मत. पंच काही करीनात. तेव्हा आपल्या सय्यद आबिद अलीने निषेध म्हणून एक चेंडू सरळसरळ फेकला आणि नो-बॉल घेतला! कसोटी आपण हरलो, पण मालिका 3-1 अशी जिंकली. परदेशातला तो आपला पहिला मालिका विजय.

आता माझी गोष्ट.

1986 साल. मी धुळे जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर होतो. मराठी आणि इतिहास शिकवायचो, आणि नियमांचे पुस्तक वाचलेला माणूस म्हणून आंतरशालेय सामन्यांत मला पंच म्हणून बोलवत. त्या वर्षीचा अंतिम सामना धुळ्यात होता. एकीकडे शहरातली मोठी शाळा, पांढरेशुभ्र कपडे, स्वतःची किट. दुसरीकडे शिरपूरकडच्या एका गावची शाळा. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट, पॅडचे दोन जोड सगळ्यांत मिळून. पण त्यांच्याकडे एक पंधरा-सोळा वर्षांचा काटकुळा गोलंदाज होता. मॅटिंगवर त्याचा चेंडू टप्पा पडला की असा काही आत यायचा की मोठ्या शाळेचे चार गडी चहापानापर्यंत गेले होते.

चहापानाला त्या मोठ्या शाळेचे क्रीडाशिक्षक माझ्याजवळ आले. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "सर, तो पोरगा फेकी आहे. तुमच्या लक्षात येत नाही का?" खरे सांगतो, तोपर्यंत माझ्या लक्षात काहीच आले नव्हते. चहापानानंतर मी स्क्वेअर लेगला उभा राहिलो आणि त्याच्या हाताकडे बघू लागलो. आणि काय आश्चर्य, मला दिसू लागले. हात वाकलेला तर होताच. सरळ होत होता का? त्या क्षणी वाटले, होतो आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे दोघांपैकी एकाही पंचाची चेंडूच्या शुद्धतेबद्दल पूर्ण खात्री नसेल तर त्याने नो-बॉल द्यायचा. म्हणजे बघा, संशयाचा फायदा फलंदाजाला मिळतो, गोलंदाजाला मात्र संशयाचा तोटा! मी नो-बॉल दिला. पुढच्याच चेंडूला पुन्हा दिला. त्याने वेग कमी करून टाकला, त्यालाही दिला.

मैदानात आधी कोणाला कळेना. मग शहरातली पोरे ओरडू लागली, "फेकी, फेकी!" त्यांच्या कर्णधाराने त्याच्याकडून चेंडू काढून घेतला. सामना ते हरले.

सामना संपल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "गुरजी, मी नही फेकस. मना हातच असा शे." अहिराणी न कळणाऱ्यांसाठी : मी फेकत नाही, माझा हातच असा आहे. मी काय केले असेल? त्याचा हात हातात घेऊन बघितला असता तर दोन मिनिटांत कळले असते. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." तो काही बोलला नाही. शर्टाची वर दुमडलेली बाही त्याने मनगटापर्यंत ओढली, बटण लावले आणि टेम्पोकडे निघून गेला. पुढच्या वर्षी ती शाळा पुन्हा आली होती, तो नव्हता.

मला त्या दिवशी आपण कर्तव्य केले असेच वाटत होते. घरी येऊन हिला अभिमानाने सांगितल्याचेही आठवते. शंका यायला लागली ती 1995 नंतर.

त्या वर्षी 26 डिसेंबरला मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनला सात नो-बॉल दिले. आमच्या शिक्षककक्षात वाद रंगला आणि मी अर्थातच पंचांच्या बाजूने. मग बातम्या येऊ लागल्या की मुरलीचे कोपर जन्मापासूनच वाकडे आहे, ते सरळ होतच नाही. त्याला पर्थला आणि हाँगकाँगला विद्यापीठात नेऊन तपासले. पुढे 2004 मध्ये तर त्याने हाताला कडक पट्टी बांधून, कोपर हलूच शकणार नाही अशा अवस्थेत कॅमेऱ्यांसमोर चेंडू टाकून दाखवले, आणि तरीही नुसत्या डोळ्यांना ते फेकल्यासारखेच दिसत होते. ते चित्रण मी पाहिले त्या रात्री मला शर्टाची ती बाही आठवली.

त्याच सुमारास आयसीसीने आणखी एक गोष्ट शोधून काढली. तोपर्यंत कोपर सरळ होण्याची मर्यादा फिरकी गोलंदाजाला 5 अंश, मध्यमगतीला साडेसात आणि वेगवानाला 10 अंश अशी होती. सामन्यांतल्या गोलंदाजांचे वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून मोजले, तर जवळजवळ सगळ्यांचेच कोपर थोडेफार सरळ होत होते! ज्यांच्या हाताकडे कोणी कधी बोट दाखवले नव्हते त्यांचेही. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे वागायचे तर खेळच बंद करावा लागला असता. म्हणून सगळ्यांना सारखी 15 अंशांची मर्यादा ठरवली, आणि ती 1 मार्च 2005 पासून लागू झाली. 15 च का? तर साधारण तिथून पुढे ते डोळ्यांना दिसू लागते म्हणून. पुष्कळांना वाटते की हा नियम एकट्या मुरलीसाठी वाकवला. मला तसे वाटत नाही. नियम होता तो डोळ्याच्या भरवशावर होता, आणि डोळा खोटे बोलतो हे सिद्ध झाले.

मुरलीने 2010 च्या जुलैमध्ये गॉलला आपला आठशेवा कसोटी बळी घेतला आणि तो थांबला. तो आठशेवा बळी होता आपला प्रग्यान ओझा. आता नियतीची गंमत पाहा. 2013 च्या नोव्हेंबरात वानखेडेवर सचिनचा अखेरचा कसोटी सामना झाला. सगळ्या देशाचे डोळे सचिनच्या पाठमोऱ्या आकृतीवर होते, त्यामुळे त्या सामन्यात दहा बळी घेऊन ओझा सामनावीर ठरला हे कितीजणांच्या लक्षात आहे? पुढच्या वर्षी, 2014 च्या डिसेंबरात, त्याच ओझाला हाताच्या शैलीवरून गोलंदाजी करायला मनाई झाली. त्याने शैली सुधारली, 2015 च्या सुरुवातीला त्याला परवानगीही मिळाली. पण वानखेडेचा तो सामना त्याचाही अखेरचा कसोटी सामना ठरला. सचिनला निरोप मिळाला. ओझाला कळलेही नव्हते की आपलाही निरोप आहे.

2014 हे वर्षच कडक होते. पाकिस्तानचा सईद अजमल, वेस्ट इंडीजचा सुनील नारायण असे नावाजलेले गोलंदाज अडकले. तपासणीची केंद्रे वाढवली, त्यातले एक आपल्याकडे चेन्नईला झाले. अजमल नवी शैली घेऊन परत आला, पण जुनी धार आली नाही. हेही लिहायला हवे, नाहीतर मी सगळ्याच संशयितांना निर्दोष ठरवतो आहे असे वाटेल. मर्यादा ओलांडणारे असतात. फलंदाजावर तो अन्याय असतो, आणि सरळ हाताने टाकणाऱ्या दुसऱ्या गोलंदाजावर त्याहून मोठा.

आणि उलटही असते. आपल्या पुण्याच्या केदार जाधवची गोलंदाजी आठवते? हात इतका खाली की चेंडू जणू पंचाच्या पोटाजवळून यायचा. आमच्या कट्ट्यावरचे निम्मे म्हातारे छातीठोकपणे सांगत, हा फेकतो. पण हात खाली असणे वेगळे आणि कोपर सरळ होणे वेगळे. 1835 साली मिटलेले भांडण आम्ही टीव्हीसमोर बसून पुन्हा उकरत होतो!

तो मुलगा मला पुन्हा भेटला 2012 मध्ये, धुळ्याला एका लग्नात. मी ओळखलेच नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, केळीच्या वाहतुकीचा धंदा, स्वतःच्या दोन गाड्या. पाया पडला आणि म्हणाला, "गुरजी, नो-बॉल." मग ओळखले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. पंगतीच्या टेबलावर त्याने उजवा हात पालथा ठेवला. मनगट टेकले, खांदा टेकला, पण कोपर टेबलापासून दोन बोटे वरच. सहा वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडला होता. गावातल्याच एकाने हाड बसवले, ते असे बसले.

मी म्हटले, "चुकलो रे मी." तो हसला. अहिराणीत बोलला, मी मराठीत सांगतो : "गुरुजी, तुम्ही चूक होता की बरोबर, ते मलाही ठाऊक नाही. जोर लावताना हात कसा जायचा ते मला तरी कुठे दिसत होतं? पण तुम्ही आधी एकदा विचारायला पाहिजे होतं."

एवढेच म्हणाला आणि वरण वाढायला उठला.

यावर मी बरीच वर्षे विचार करतो आहे. तो फेकत होता की नाही हे आता कधीच कळणार नाही. तिथे कॅमेरा नव्हता. पण त्याची तक्रार निकालाबद्दल नव्हतीच, रीतीबद्दल होती. आणि आजची रीत पाहिली तर तीच तक्रार दूर करणारी आहे. मैदानावरचा पंच आजही नो-बॉल देऊ शकतो, पण सहसा तसे होत नाही. सामना संपल्यावर लेखी कळवतात, प्रयोगशाळेत तपासणी होते, तोवर त्याला खेळू देतात, दोष निघाला तर दुरुस्त करायला वेळ देतात, आणि दुरुस्त झाला की परत घेतात. मेकिफला हे मिळाले असते तर? ग्रिफिनला? शिक्षक म्हणून मला हे आधी सुचायला हवे होते. पेपरातली चूक आपण वहीत लाल शाईने दाखवतो, फळ्यावर नाव लिहून वर्गाला ओरडायला लावत नाही. खरे म्हणजे तेही केलेले शिक्षक असतात, आणि एका सामन्यापुरता मी त्यांच्यातला होतो. शिवाय माझ्या डोळ्यांना जे दिसले ते आधी कानात कोणीतरी घातले होते, आणि घालणारा मोठ्या शाळेचा होता. खेडेगावच्या शिक्षकाने तेच सांगितले असते तर मी ऐकले असते का, या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे. ते लिहायला बरे वाटत नाही.

असो. नातवाकडे येतो. जेवण झाल्यावर त्याचा हात टेबलावर ठेवून पाहिला. कोपर अगदी टेकते, काही वाकडे नाही. मग संध्याकाळी मैदानावर त्याला घेऊन गेलो आणि त्याच्या आईच्या मोबाइलवर समोरून, बाजूने, मागून असे चित्रण केले. साधे चेंडू स्वच्छ आहेत. पण जोर लावून टाकायला जातो तेव्हा कोपर झटकते. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना तरी तसे दिसले, आणि माझ्या डोळ्यांचा इतिहास तुम्ही आत्ताच वाचला आहे.

मी त्याला खोटे सांगितले नाही. म्हटले, "वेगात टाकताना फेकला जातो बहुतेक. पण तू फेकी नाहीस. तो चेंडू तसा आहे, आणि तो दुरुस्त होतो." दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांना एकटे गाठून बोललो. भला तरुण आहे. म्हणाला, "काका, सगळ्यांसमोर दाखवायला नको होतं, माझ्या लक्षात नाही आलं." मी त्याला काय बोलणार? मला लक्षात यायला सव्वीस वर्षे आणि एक लग्न लागले होते.

सध्या नातू छोट्या धावेने, हळू टाकतो आहे. पोरांनी अजून 'फेकी' म्हणणे सोडलेले नाही. काल जेवताना त्याने मला त्या शिरपूरकडच्या मुलाबद्दल विचारले. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली कोण जाणे, बहुधा आजीने. विचारत होता, "आजोबा, ते काका अजून क्रिकेट बघतात का?"

माहीत नाही. विचारायचे राहून गेले.